शंकेचं ओझं गरोदर बाईच्या डोक्यावर नको

तिनं पिशवीतून दोन कागद काढले आणि माझ्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. दोन्हींवर तिचंच नाव, तिचंच वय. तारखांमध्ये चार दिवसांचं अंतर. एकावर ठळक अक्षरात ‘एचआयव्ही : रिअ‍ॅक्टिव्ह’, दुसऱ्यावर ‘नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह’. म्हणजे एक कागद लागणीची शक्यता सांगणारा, दुसरा लागण सापडली नाही असं सांगणारा. पहिला कागद जिथे बाळंतपणासाठी नाव घातलं होतं त्या नर्सिंग होमच्या लॅबचा. दुसरा, भावानं हट्टानं तालुक्याच्या गावी नेऊन करून आणलेल्या तपासणीचा. सहावा महिना संपत आला होता. दोन्ही कागदांवर बोट ठेवत तिनं विचारलं, “म्याडम, ह्यातला खरा कुठला?”

मी तेव्हा एका ग्रामीण रुग्णालयाच्या आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्हीचं समुपदेशन आणि तपासणी करणाऱ्या सरकारी केंद्रात, समुपदेशक होते. आम्ही तिची संमती घेतली, रक्त घेतलं, तिन्ही चाचण्या लावल्या. पहिली रिअ‍ॅक्टिव्ह आली, दुसरी नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह, आणि तिसरीवर एक फिकट रेघ उमटली. रेघ फिकट असली तरी ती रेघच धरायची, असं आमचं शिक्षण. दोन कागदांचा निवाडा करून घ्यायला आलेल्या बाईच्या हातात आम्ही तिसरा कागद दिला. त्यावर लिहिलं होतं ‘अनिश्चित’, आणि खाली : चौदा ते अठ्ठावीस दिवसांनी पुन्हा तपासणीसाठी यावे.

नियमाप्रमाणे आम्ही काहीही चुकलो नव्हतो. तरीही त्या दिवसापासून मला ठामपणे वाटत आलं आहे की इथे आपली व्यवस्था कमी पडते. गरोदरपणात एचआयव्हीच्या तपासण्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळले नाहीत, तर निर्माण झालेली शंका सांभाळणं, ती घेऊन चालणं आणि ती फेडणं ही आरोग्यव्यवस्थेची जबाबदारी आहे. आज ती शंका आपण घडी घालून बाईच्या पिशवीत टाकतो आणि तिला एसटीत बसवून देतो.

असे उलटसुलट रिपोर्ट येतात कसे, हे आधी नीट समजून घ्यायला हवं. ‘लॅबवाल्यानं घोळ घातला’ म्हणून विषय संपवण्यासारखं ते नसतं. उपकेंद्रात सिस्टर बोटाला टोचून ज्या कार्डावर थेंब टाकतात ते कार्ड विषाणू शोधत नाही. विषाणू शिरल्यावर शरीर जी प्रतिपिंडं तयार करतं, ती ते शोधतं. कार्डावर दोन जागा असतात. एक रेघ कार्ड चालू आहे हे सांगणारी, दुसरी उमटली तर रक्तात काहीतरी सापडलं हे सांगणारी. आता हे ‘काहीतरी’ दर वेळी एचआयव्हीचीच प्रतिपिंडं असतील असं नाही. शरीरात इतर कारणांनी तयार झालेली प्रतिपिंडंही कधी कधी त्या पट्टीला चिकटतात. आधीची बाळंतपणं, स्वतःच्याच पेशींवर उलटणारे आजार, नुकतीच घेतलेली एखादी लस अशी कारणं त्यामागे असू शकतात. त्यात माणसाच्या हातून होणाऱ्या चुकांची भर पडते. दर महिन्याच्या नऊ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाचा दिवस असतो. बाकड्यांवर जागा नसते, तंत्रज्ञ एकटा आणि त्याच्यापुढे नळ्यांची रांग. कार्ड ठरलेल्या वेळेतच वाचायचं असतं. तोवर दुसऱ्या कुणी हाक मारली आणि कार्ड नंतर वाचलं गेलं, तर एरवी न दिसणारी रेघ दिसू शकते. नळीवरचा नंबर आणि रजिस्टरमधला नंबर एका ओळीनं चुकला, तर एकीचं रक्त दुसरीच्या नावावर जातं.

पण सगळी काळजी घेतली, सगळ्यांनी चोख काम केलं, तरीही एका चाचणीवर भरवसा का ठेवता येत नाही, याचं उत्तर साध्या गणितात आहे. आपल्याकडे गरोदर बायकांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण हजारी दोनच्या आसपास आहे. समजा एका भागातल्या हजार गरोदर बायकांची तपासणी झाली आणि त्यातल्या दोघींना खरंच लागण आहे. चाचणी उत्तम, दोघीही सापडल्या. उरल्या ९९८. चाचणी ९९.५ टक्के वेळा लागण नसलेल्या बाईला ‘नाही’ असं बरोबर सांगते असं धरू, म्हणजे दोनशेंत एकदाच चुकते. तरी या ९९८ मधल्या पाच जणींच्या कार्डावर खोटी रेघ उमटेल. एकूण सात रेघा, त्यातल्या खऱ्या दोन. ज्या आजाराचं प्रमाण कमी, त्याच्या बाबतीत चांगली चाचणीसुद्धा अशी वागते. एड्सविरोधी कार्यक्रमाला आलेलं यश म्हणजेच लागण कमी होणं. लागण जसजशी कमी होते तसतसा रिअ‍ॅक्टिव्ह आलेल्या कार्डांमधला खोट्यांचा वाटा वाढत जातो. हे गणित दर स्त्रीरोगतज्ज्ञाला, दर लॅबचालकाला माहीत असतं किंवा असायला हवं. मग त्या सातही जणींना एकाच शब्दात ‘पॉझिटिव्ह’ सांगण्याचा हक्क आपल्याला कुणी दिला?

म्हणूनच तीन चाचण्यांची पद्धत आली. नॅकोच्या, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या, नियमानुसार वरवर निरोगी माणसाचं निदान पक्कं करताना तीन वेगवेगळ्या बनावटीची किट वापरायची, म्हणजे एक कार्ड ज्या कारणानं फसलं त्याच कारणानं दुसरं फसू नये. तिन्ही रिअ‍ॅक्टिव्ह आली तरच पॉझिटिव्ह. पहिलीच रिअ‍ॅक्टिव्ह आणि पुढच्या दोन्ही नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह, तर निगेटिव्ह. पहिलीसह दोन रिअ‍ॅक्टिव्ह आणि एक नाही, तर अनिश्चित. जागतिक आरोग्य संघटनेनंही २०१९ मध्ये सगळ्या देशांना सलग तीन रिअ‍ॅक्टिव्ह चाचण्यांशिवाय पॉझिटिव्ह म्हणू नका असं सांगितलं. पॉझिटिव्ह म्हटलेल्या शंभरातल्या किमान नव्याण्णव जणांना खरोखर लागण असावी, हा त्यामागचा हिशेब. वेस्टर्न ब्लॉट ही एकेकाळची शेवटच्या शब्दाची चाचणी. तीही आता नेहमीच्या निदानात वापरू नये, असं त्याच शिफारशींत आहे, कारण ती वेळ खाते, महाग पडते आणि स्वतःच पुष्कळदा ‘अनिश्चित’ म्हणून हात वर करते.

शास्त्राचं उत्तर चोख आहे. अडतं ते त्या चौदा ते अठ्ठावीस दिवसांमध्ये.

हे दिवस गरोदरपणात कुठे येऊन पडतात ते पाहा. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्यात ओटी भरली की मुलगी माहेरी जाते. म्हणजे पहिली तपासणी सासरच्या तालुक्यात, आणि दुसरी व्हायची त्या दिवसांत ती दुसऱ्या जिल्ह्यात. तिथल्या सिस्टरना काही माहीत नसतं. तिनं स्वतः सांगायचं म्हटलं, तर भावजय शेजारी बसलेली असताना सांगणार कशी? बीडकडच्या ऊसतोड कुटुंबांचं तर याहून अवघड. दिवाळीच्या सुमाराला जोडपं कोयत्यावर निघतं ते हंगाम संपल्यावर परततं. मधल्या काळात ती बाई कुठल्या कारखान्याच्या फडावर, कुठल्या मुकादमाच्या टोळीत आहे, हे तिच्या गावच्या आशाताईला फोनवर शोधावं लागतं. ‘अठ्ठावीस दिवसांत पुन्हा यावे’ हे वाक्य जिनं हलायचंच नाही अशा कुणासाठी तरी लिहिल्यासारखं आहे. शिवाय पुन्हा येणं म्हणजे एक रोज बुडणं, एसटीचं भाडं, आणि घरी सांगायला एक नवं खोटं.

म्हणून माझं म्हणणं असं, की अनिश्चित निष्कर्ष देताना पुढच्या तारखेआधी एक प्रश्न विचारलाच पाहिजे : “ताई, पुढच्या महिन्यात तुम्ही कुठे असाल?” त्या गावाजवळच्या आयसीटीसीला इथल्या समुपदेशकानं स्वतः फोन करून, तिच्या संमतीनं, तिची वेळ ठरवून द्यायची. तिथल्या समुपदेशकाचं नाव आणि फोन नंबर तिच्या हातात. ती आली नाही तर तिला शोधायचं काम आपलं. नॅकोची ‘सोच’ नावाची संगणकप्रणाली आता आहे, नोंदी एका केंद्रातून दुसऱ्या केंद्रात दिसण्याची सोय त्यातून होऊ शकते. पण संगणकावर दिसणाऱ्या ओळीमागे कुणीतरी फोन उचलायला लागतो. दुसऱ्या वेळीही निष्कर्ष अनिश्चितच राहिला, तर बाईला आणखी तारखा देत बसण्यापेक्षा तिचं रक्त संदर्भ प्रयोगशाळेत गेलं पाहिजे, थेट विषाणू शोधणाऱ्या पीसीआरसाठी. रक्ताच्या नळीला प्रवास सोपा असतो, आठव्या महिन्यातल्या बाईला नाही. गरोदर बाईच्या नळीला या रांगेत पहिलं स्थान मिळायला हवं, कारण तिच्याकडे बाकी कुणापेक्षाही कमी वेळ आहे.

वेळ कमी का, ते सांगायलाच हवं, नाहीतर माझ्या बोलण्याचा उलटा अर्थ निघेल. अनिश्चित म्हणजे ‘बहुतेक काही नाही’ असं समजून सोडून देणं घातक आहे. लागण अगदी नवी असेल तर प्रतिपिंडं तयार होत असतात, पूर्ण झालेली नसतात. अशा वेळी एक किट पकडतं, दुसरं सोडतं. आणि नव्या लागणीच्या त्याच आठवड्यांत रक्तातला विषाणू सर्वांत जास्त असतो, म्हणजे पोटातल्या बाळालाही धोका सर्वांत जास्त. कसलाच उपचार नसेल तर आईकडून बाळाला लागण होण्याचं प्रमाण १५ ते ४५ टक्के. वेळेत औषध सुरू झालं तर ते पाच टक्क्यांच्या खाली येतं. २०१४ पासून आपल्याकडे प्रत्येक पॉझिटिव्ह गरोदर बाईला आयुष्यभराची एआरटी, म्हणजे विषाणूला दाबून ठेवणारी औषधं, मोफत मिळते. त्या औषधानं निरोगी बाळं झालेली मी डोळ्यांनी पाहिली आहेत, कडेवर घेतली आहेत. म्हणून पुढच्या तपासणीची वाट पाहण्याच्या काळात नवऱ्याचीही तपासणी सुचवायची, निरोधशिवाय संबंध ठेवू नका हे दोघांना सांगायचं, आणि तारीख हातची जाऊ द्यायची नाही.

व्यवस्थेला शंकेसकट काम करता येत नाही असंही नाही. कळा सुरू झालेली, आधी कुठेच नाव न घातलेली बाई रात्री दोन वाजता येते तेव्हा काय करतो आपण? एक कार्ड लावतो. ते रिअ‍ॅक्टिव्ह आलं तर पक्क्या निदानाची वाट न पाहता आईला औषध, बाळाला लागण टाळणाऱ्या औषधाचं सिरप, आणि उरलेल्या तपासण्या आयसीटीसी उघडल्यावर. तिथे आपण काळजी लगेच घेतो आणि निकाल राखून ठेवतो. लेबर रूममध्ये मध्यरात्री जे जमतं, ते ओपीडीत दिवसाढवळ्या का जमत नाही?

जमत नाही, कारण ओपीडीत आणि खासगी दवाखान्यांत रिपोर्टचा उपयोगच वेगळा होतो. नर्सिंग होममध्ये एचआयव्हीची तपासणी बहुतेक वेळा सिझेरियनच्या तयारीच्या यादीत येते, हिमोग्लोबिन आणि साखरेच्या रांगेत. संमती विचारली जात नाही. रिपोर्ट ज्याच्या हातात पावती त्याच्या हातात, म्हणजे सासरे, दीर, नाहीतर नवरा. ज्या बाईबद्दल मी लिहिते आहे तिचा पहिला रिपोर्ट तिच्या सासूनं आणला होता आणि घरात सगळ्यांना कळल्यावर शेवटी तिला कळला. दवाखान्यानं तिला दुसरीकडे जायला सांगितलं. तोंडी. कागदावर काहीच नाही.

डॉक्टरमंडळी म्हणतात, आमच्या टेबलावर येणाऱ्या रुग्णाची स्थिती आम्हाला माहीत हवी. आमच्या नर्सचा, वॉर्डबॉयचा जीव महत्त्वाचा नाही का? महत्त्वाचा आहे, आणि म्हणूनच हा युक्तिवाद मला पटत नाही. नुकती लागण झालेल्या माणसाचा रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. निगेटिव्ह कागद पाहून जो हातमोज्यांत हयगय करतो, तोच आपल्या माणसांना धोक्यात घालतो. प्रत्येक रुग्णाच्या रक्ताला सारखीच खबरदारी घ्यायची हे शिकवलेलं असतं. ते पाळलं तर रिपोर्टवरून रुग्ण परत पाठवायचं कारणच उरत नाही.

कायदाही हेच सांगतो. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ मध्ये झाला, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. समजावून घेतलेल्या संमतीशिवाय तपासणी नाही, परवानगीशिवाय कुणाला सांगणं नाही, लागणीवरून उपचार नाकारणं नाही. आणि ज्याची चर्चा फारशी होत नाही असं एक कलम त्यात आहे : तपासणीसाठी ठरवलेली मार्गदर्शक तत्त्वं पाळल्याशिवाय कुठल्याही लॅबनं एचआयव्हीची तपासणी करायची नाही. हे खासगी लॅबलाही लागू आहे. एका कार्डावरून ‘रिअ‍ॅक्टिव्ह’ छापून लिफाफा नातेवाइकाला देणं या कायद्यात बसत नाही. लॅबकडे एकच चाचणी असेल तर हरकत नाही. पण मग रिपोर्टवर मराठीत, मोठ्या अक्षरात लिहा की ही प्राथमिक चाचणी आहे, हे निदान नव्हे, पक्की तपासणी सरकारी आयसीटीसीत मोफत होते. आणि रिपोर्ट बाईच्याच हाती द्या. याला ना नवं यंत्र लागतं, ना नवा निधी.

एका आक्षेपाला मात्र मी मान देते, कारण तो माझ्या सहकाऱ्यांकडून येतो. ते म्हणतात, खोट्या रिअ‍ॅक्टिव्हबद्दल एवढं बोललात तर खरी पॉझिटिव्ह बाईही ‘माझंही मशीन चुकलं असेल’ म्हणेल. हे घडतं. तिन्ही चाचण्या रिअ‍ॅक्टिव्ह आलेलं एक कुटुंब तीन महिने लॅबमागून लॅब हिंडताना मी पाहिलं आहे, कुठेतरी ‘नाही’ मिळेल या आशेनं. त्याहून नाजूक गोष्ट औषध घेणाऱ्या बाईची. एआरटी लवकर सुरू झालेल्या माणसाच्या रक्तात प्रतिपिंडं कमी सापडू शकतात, म्हणून औषध चालू असताना लागण आहे की नाही याची पुन्हा तपासणी करू नये असं सांगितलं जातं. पण माहेरी नाव घालताना ती औषधाचं सांगत नाही. तिथे नेहमीची तपासणी होते, रेघ उमटत नाही, घरात आनंद होतो आणि गोळ्या बंद होतात. असंच बाळाचंही. आईची प्रतिपिंडं बाळाच्या रक्तात अठरा महिन्यांपर्यंत राहू शकतात. आजी नऊ महिन्यांच्या नातवाची तपासणी गावातल्या लॅबमध्ये करून आणते, ‘रिअ‍ॅक्टिव्ह’ वाचून ऊर बडवते, आणि सहा आठवड्यांच्या पीसीआरचा चांगला रिपोर्ट मात्र फाइलमध्ये पडून असतो.

पण हे सगळे प्रसंग काय दाखवतात? लोकांना फार सांगितलं म्हणून हे झालं नाही. कुणी खोलीचं दार लावून, पंधरा मिनिटं समोर बसून सांगितलंच नाही म्हणून झालं. एक रेघ म्हणजे निदान नाही, आणि तीन वेगळ्या किटवरच्या तीन रेघा म्हणजे आता लॅब हिंडणं थांबवून औषध सुरू करायचं, हा फरक शाळा न शिकलेल्या बायकांना मी समजावला आहे आणि त्यांना तो समजला आहे. भाकरी चुलीवर टाकून वास येईपर्यंत थांबायचं असतं आणि जळायच्या आधी उलटायची असते, हे ज्यांना कळतं त्यांना हे कळायला काय अवघड? त्यासाठी समुपदेशक लागतो, आणि समुपदेशकाची कंत्राटी जागा रिकामी ठेवून आपण पैसे वाचवतो. वाचवलेले ते पैसे मग कुठल्या तरी बाईच्या संसारातून वसूल होतात.

काही नुकसान तर भरून येण्यासारखं नसतंच. एकाच रिपोर्टवर गर्भ पाडायचा सल्ला मिळालेल्या बायका आमच्याकडे आल्या आहेत. चांगलं पान्हावलेलं दूध भीतीपोटी आटवून, डबा पाजून, जुलाबानं बाळ खंगलेलं मी पाहिलं आहे, आणि त्याच्या आईला लागण नव्हती. आणि लागण असती तरी औषध घेणाऱ्या आईनं पहिले सहा महिने फक्त अंगावर पाजावं, वरचं काही मिसळू नये, असाच सल्ला असतो. म्हणजे ते दूध कुठल्याही रिपोर्टनं बंद व्हायला नको होतं.

ती बाई ठरल्या दिवशी आली नाही. नवऱ्याचा फोन बंद. तिनं बोलताबोलता माहेरच्या गावाचं नाव घेतलं होतं, तेवढ्यावर त्या भागातल्या समुपदेशकाला मी फोन केला. त्या समुपदेशकानं आशाताईंना, कारण न सांगता, ‘तपासणीची तारीख राहिली आहे’ एवढाच निरोप दिला. चोविसाव्या दिवशी ती भावाबरोबर आमच्याकडेच आली, दोन एसटी बदलून. पहिली चाचणी पुन्हा रिअ‍ॅक्टिव्ह, पुढच्या दोन्ही नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह. नवरा नंतर एकटा येऊन गेला, त्याचीही नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह. डॉक्टरांनी तिचा रिपोर्ट निगेटिव्ह म्हणून सही केला.

मला वाटलं ती रडेल. तिनं कागद वाचला, उलटून मागची बाजू पाहिली आणि विचारलं, “ह्याच्या तीन प्रती मिळतील का?” एक सासरी दाखवायला, एक त्या नर्सिंग होमला. तिसरी कशाला म्हणून विचारलं, तर म्हणाली, “बाळाच्या कार्डाला लावते. उद्या त्याला कुणी काही बोललं तर.”